पाहणीत आढळलेली वाट

नगरपालिकेच्या नगररचना विभागात ती सव्वीस वर्षं नकाशे काढत होती. उंच, सडसडीत, आणि बोलणं इतकं सरळ की ऑफिसात मागून सगळे तिला 'फूटपट्टी' म्हणायचे. तिच्या कानावर ते आलं होतं. याहून वाईट नाव पडलं असतं तरी मी काय करणार होते, असं ती थोरल्या जावेला सांगायची.

त्या वर्षी किनाऱ्याचा नवा आराखडा निघाला. लोकांना समुद्रापर्यंत जायच्या सगळ्या वाटा त्यात दाखवायच्या होत्या. तिने अकरा आखल्या. मसुदा लोकांसमोर लावायला आठवडा उरला असताना साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सातव्या वाटेवर पेन टेकवलं. ही काढून टाका, म्हणाले. ती वाट दोन बंगल्यांच्या मधून खाली उतरायची. त्यातल्या एका बंगलेवाल्याने दोन वर्षांपूर्वी वाटेच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवून कुलूप ठोकलं होतं. साहेबांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. 'प्रत्यक्ष पाहणीत वाट आढळून आली नाही.' खाली तिच्या सहीची जागा.

"पाहणी कुणी केली?" तिने विचारलं.

"तुम्हीच. सही केलीत की झाली."

तिने कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली आणि मग पाहणी करूनच येते म्हणाली. साहेब हसले. बाईचा रुसवा दोन दिवसांत उतरेल, अशी त्यांची अटकळ.

टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं, म्हणून तिने जावेला बरोबर घेतलं. जाऊबाई निवृत्त नर्स. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी वाळूत चालायला सांगितलेलं. पण फाटक लागल्यापासून किनाऱ्याला जायला अर्ध्या तासाचा वळसा पडे, म्हणून ते बंदच झालं होतं. फाटकाशी वॉचमनने हटकलं. मालकांची परवानगी आणा म्हणाला.

"मालकांनी फाटकाची परवानगी कुणाकडून आणली, ते आधी विचारून ये," जाऊबाई म्हणाल्या. तो विचारायला म्हणून आत गेला तो गेलाच. तेवढ्यात धाकट्या जावेने पदर खोचला आणि शेजारच्या कमरेएवढ्या भिंतीवर पाय टाकला.

"पन्नाशी उलटल्यावर चोऱ्या करायला लागलीस," असं म्हणत जाऊबाईंनी टेपचं टोक फाटकाच्या गजाशी घट्ट धरून ठेवलं.

आत गवत माजलं होतं, पण गवताखाली वाट जशीच्या तशी होती. रुंदी दोन मीटर चाळीस. पुढे एकोणीस दगडी पायऱ्या, मधोमध झिजून खोलगट झालेल्या. तिने त्यांवरून हात फिरवला आणि तिचं डोकं तापलं. इतक्या पायांना 'आढळून आली नाही' म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःचा अहवाल लिहिला. वाट आढळली, कुलूपही आढळलं. साहेबांकडे नेण्याआधी आवक विभागात त्यावर नंबर आणि शिक्का घेतला. सव्वीस वर्षांत इतकं तरी शिकली होती. साहेबांनी अहवाल फायलीच्या तळाशी घातला, तिची बदली जन्म-मृत्यू नोंदणीत केली, आणि दहाच वाटांचा नकाशा भिंतीवर लावला.

तिने रीतसर हरकत नोंदवली. समितीपुढच्या सुनावणीच्या दिवशी अर्धी रजा टाकून ती लोकांच्या बाकावर बसली. तिचा पुकारा झाल्यावर साहेब उठले. कर्मचाऱ्याला इथे बोलता येत नाही, म्हणाले.

"मी रजेवर आहे," ती म्हणाली. "आज मी या गावात राहणारी, पायी चालणारी बाई आहे. माझ्या पाहणीचा अहवाल फायलीत आहे. आवक नंबर सांगते, लिहून घ्या."

समितीने फाईल मागवली. अहवाल वाचून झाल्यावर अध्यक्षांनी साहेबांना एकच विचारलं, की तुम्ही स्वतः तिथे गेला होतात का. साहेब फायलीची पानं मागेपुढे करू लागले.

पावणेदोन महिन्यांनी मंजूर नकाशा आला. त्यात अकरा वाटा होत्या. बंगलेवाल्याने कोर्टाची धमकी दिली, पण पालिकेच्या माणसांनी कुलूप कापलं आणि फाटकही उचलून नेलं. तिला मात्र जुनं टेबल मिळालं नाही. उलट कारणे दाखवा नोटीस आली: सुनावणीत बोलल्याबद्दल लेखी दिलगिरी द्यावी. नवऱ्याने समजावलं, दोन ओळी लिहून मोकळी हो, निवृत्तीला चार वर्षं राहिलीत.

तिने एकच ओळ लिहिली. 'दिलगिरी नाही.' त्यावरही आवक विभागाचा शिक्का घेतला, आणि खिडकीशी बाळाच्या दाखल्यासाठी उभ्या असलेल्या बापाला आत बोलावलं.