रिकाम्या हुकावरचं ओझं

बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायचा धंदा नवऱ्याचा, आणि त्या उघडून पुन्हा चालत्या करायचा बायकोचा. मोटरचं वाइंडिंग ती बापाच्या हाताखाली शिकली होती, म्हणून सगळी गल्ली तिला वाइंडिंगताईच म्हणे. ओढगाडीची विंच, म्हणजे दोर गुंडाळत ओझं ओढणारं यंत्र, जळाली, तेव्हा नवरा भंगारवाल्याकडून एक जुनी उचलून घेऊन आला.

"मोटर फिरते, एवढंच बघितलं," तो म्हणाला.

"म्हणजे बाकीचं माझ्या नशिबी," असं म्हणत तिनं पाना हातात घेतला.

मोटरचे कार्बन ब्रश झिजून नखाएवढे उरले होते. गिअरमधलं ग्रीस खरवडलं तर ते काळं नव्हतं, दुधाळ होतं. पाणी गेल्याशिवाय तसं होत नाही. ब्रेकच्या चकत्या तापून निळ्या पडल्या होत्या. पण तिचा हात थबकला तो दोरापाशी. पोलादी दोराचे वरचे वेढे खालच्या वेढ्यांत खोल रुतले होते आणि टोकाला हुक नव्हता. टोक तुटलेलं नव्हतं, करवतीनं कापलेलं होतं.

तिनं भंगारवाल्याला फोन लावला.

"तुमच्यापासून काय लपवायचं, ताई," तो म्हणाला. "खाणीच्या पाण्यात एक गाडी गेली होती. ती वर काढताना ओढणारी गाडीच आत सरकायला लागली. मग कापला दोर."

"आणि आतला माणूस?"

"पाणी फार खोल आहे हो तिथं," एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला.

नवऱ्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "लोखंडाला कसलं आलंय सोयरसुतक?"

तिलाही ते पटलं. तिनं ब्रश, चकत्या, ग्रीस सगळं बदललं, जुना दोर फेकून हुक लावलेला नवा गुंडाळला आणि विंच ओढगाडीच्या तोंडाशी बसवली. दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, नवऱ्यानं दोर हातानं ओढत आवारातून पार फाटकापर्यंत नेला आणि हुक तसाच मातीत टाकला. तिनं रिमोटचं बटण दाबलं.

दोर ताठ झाला. रिकामा हुक जमिनीवरून उचलला जाऊन गुडघ्याइतक्या उंचीवर अधांतरी राहिला. मोटर कण्हू लागली. गाडीचं नाक खाली वाकलं.

"गिअर अडकला असेल," नवरा म्हणाला.

तिनं दोर सैल सोडला, क्लचचा खटका काढला आणि दोर गुंडाळणारा ड्रम फिरवून पाहिला. तो नुसत्या बोटानं फिरत होता. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा तेच. या वेळी ओढगाडीच हळूहळू फाटकाकडे घसरू लागली. हँडब्रेक लावलेली चाकं माती उकरत होती. नवरा करवत आणायला धावला.

"थांबा," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "एकदा कापून झालाय. चाकांना दगड लावा."

त्यानं दगड लावले. गाडी थांबली. दोर वीत वीत करत आत येऊ लागला, आणि हुकाच्या मागे कोरड्या मातीत चाकांच्या दोन ओल्या खुणा उमटत आल्या. शेवाळाचा वास सुटला. हुक बंपरपाशी पोचला, तसा दोर एकदम ढिला पडला आणि मोटर शांत झाली. समोर काही नव्हतं. त्या काही नसलेल्या जागेतून बिजागरी करकरल्याचा आवाज आला, गाडीचं दार उघडावं तसा.



"काय आणलंस वर?" नवऱ्यानं विचारलं.

"मला काय ठाऊक."

संध्याकाळी तो फाटकाला कुलूप लावायला निघाला, तेव्हा ती म्हणाली, "आज राहू द्या उघडं. कुणाला जायचं असेल."

सकाळी तिनं विंच पुन्हा चालवून पाहिली. हुक सुरसुरत आला. मातीतल्या खुणा वाळून गेल्या होत्या. विंच आजही कामात आहे, कसलीही तक्रार नाही. फक्त नवरा आवारात गाडी घालताना त्या जागेला वळसा घालतो, आणि ती त्याला का म्हणून विचारत नाही.