पोटरीत मावलेलं पाणी

कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही, पण नुसतं बोट टेकवून माणसाचं किती मांस गेलंय ते मापाडीमामा थेंबात सांगायचे. निदान ते स्वतः तरी तसं सांगत. 'मापाडी' हे नाव इस्पितळाच्या अख्ख्या वॉर्डानं ठेवलेलं. खरं तर त्यांच्याकडे होती दहा मिलिलिटरची सिरिंज, वाटीभर मिठाचं पाणी आणि नोंदवही. लढाईतून आलेल्याच्या जखमेत काठोकाठ पाणी भरायचं, किती मावलं ते लिहायचं, मग टिपून घ्यायचं. रोज कमी मावलं तर जखम भरतेय. जास्त मावलं तर मांस सडतंय.

आज मात्र मामांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पलंगावर पालथा पडलेला शिपाई सख्ख्या बहिणीचा मुलगा होता. त्याच्या पोटरीत काल पाच सिरिंजा मावल्या होत्या. "आज वाढलं तर गुडघ्यावरून पाय काढायचा, नाहीतर जिवावर बेतेल," डॉक्टरीणबाई त्याच्यादेखत बजावून गेल्या होत्या. बाहेर बाकावर त्याची आई, म्हणजे मामांची ताई. दर दोन मिनिटांनी दारात डोकावायची.

मामांनी सिरिंज भरली आणि तोंडाचा पट्टा सोडला.

"अरे, मागे एक हवालदार आला होता. पोटरीत बादलीभर पाणी मावलं!"

"पोटरी होती का विहीर?" उशीत तोंड खुपसूनच भाचा म्हणाला.

"हसू नकोस, पाणी हलतं." तिसरी सिरिंज रिकामी. चौथी. "तर तो पठ्ठ्या महिन्याभरात जिना चढला. एका दमात, दोन-दोन पायऱ्या गाळून!"

पाचवी संपली. पाणी काठाच्या बरंच खाली. मामांनी सिरिंजवरच्या रेघा पुन्हा पाहिल्या, चष्मा पुसला, पुन्हा पाहिल्या. रेघा काही हलल्या नाहीत.

"आणि वर गच्चीत जाऊन नाचला की रे!" त्यांनी आवाज चढवला. सहावी रिकामी झाली तेव्हा कुठे पाणी काठाला टेकलं.

"किती रे?" ताई आतच आली.

मामांनी वही उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"साडेचार. भरतेय गं जखम. मी म्हटलं नव्हतं?" तिच्याकडे न बघता त्यांनी पेन टेकवलं.

ताई दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

भाच्यानं मान वळवली.

"मामा, खोटं बोलतोयस तू. सिरिंज भरताना टोक आपटून वाटी टण्णकन वाजते. सहा वेळा वाजली. सहा लिही."