तीन बोटं माया

टाचणीने दोरा दाताने तोडला, तेवढ्यात जहाज डावीकडे कललं आणि टाचण्यांचा डबा टेबलावरून सरकत पार कडेला गेला. तिने मान वर न करताच हात पुढे करून तो अडवला. कात्री टेबलाला दोरीने बांधलेली होती, खुर्ची जमिनीला ठोकलेली होती आणि मशीन तर कित्येक वर्षांत जागचं हललं नव्हतं. त्या एवढ्याशा खोलीत मोकळं असं काही असेल तर तो डबा आणि ती स्वतः.

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. या अवाढव्य पर्यटन जहाजावर शिवणकाम करणारी ती एकटीच. वेटरांची जाकिटं, नाचणाऱ्या मुलींचे झगमगीत पोशाख, प्रवाशांच्या तुटलेल्या चेन, सगळं तिच्याकडे यायचं. बोलताना ओठांत एखादी टाचणी असायचीच, त्यामुळे तिचं निम्मं बोलणं ‘हं’ आणि ‘अंहं’ यांवर भागायचं. धुलाईखान्याच्या मुकादमाने पहिल्याच आठवड्यात तिला हे नाव चिकटवलं आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच.

आज मात्र तिच्या मांडीवर मोतिया रंगाचा सॅटिनचा ड्रेस होता आणि तो तिच्या स्वतःच्या लेकीचा होता. नऊ दिवसांनी लेकीचं लग्न होतं. सकाळी आठला जहाज लेकीच्या गावच्या बंदराला लागणार होतं. मुकादमाने चार तासांची सुट्टी दिली होती. त्या चार तासांत ड्रेस लेकीच्या अंगावर चढवायचा, सैल-घट्ट बघून टाचायचा आणि तिथेच बसून पक्का शिवून द्यायचा, असा बेत होता.

खुद्द लग्नाला ती नसणार होती. आधी लग्न होतं तिचा करार संपल्यानंतर, आजपासून अडीच महिन्यांनी. दीड महिन्यापूर्वी लेकीने फोन करून सांगितलं की तारीख अलीकडे घेतली आहे. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, “भेटलीस की सांगते.” तेव्हापासून टाचणीला अन्न गोड लागत नव्हतं. लेक चौदा वर्षांची असताना तिला धाकट्या बहिणीकडे ठेवून ती जहाजावर चढली होती. बहिणीने पोरीला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, त्यात काडीची कसर ठेवली नाही. मग लग्नात आई म्हणून उभं राहायला मावशी आहेच की. वर्षातून एकदा उगवणाऱ्या आईसाठी कशाला थांबायचं, असं तर पोरीला वाटलं नसेल? हे काही फोनवर विचारता येत नाही. ते तोंड बघून विचारायचं असतं, आणि ते तोंड बघायला तिच्याकडे फक्त आजची सकाळ होती.

मुकादम दारात येऊन उभा राहिला. साठीला टेकलेला, वाफेत राहून राहून तुकतुकीत झालेला माणूस. त्याच्या हातात जहाजाच्या सेकंड ऑफिसरची पांढरी पँट होती.

“सेकंडसाहेबांनी परत पाठवलीय. बटण लागत नाही म्हणे.”

“आत्ता गेल्या महिन्यात सैल करून दिली होती.” टाचणीने पँटची कंबर उलटी करून शिवणीत बोट घातलं. “संपली. आत दुमडलेली होती नव्हती ती सगळी माया सोडून झाली. आता कापडात काही उरलं नाही. त्यांना म्हणावं, पुढची वाढ जेवणाच्या टेबलावरच थांबवा.”

मुकादम हसला. मग त्याने मोतिया ड्रेसची बाजूची शिवण चिमटीत धरली आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

“अगं, ही केवढी माया ठेवलीस? एक बोट पुरतं की.”

“तीन बोटं आहे. दोन्ही बाजूंना.”

“शाळेतल्या पोरांच्या कपड्यांना ठेवतात एवढी. पंचवीस वर्षांची ना पोरगी? ती काय अजून वाढायचीय?”

टाचणीने टाचणी ओठांत धरली आणि ‘हं’ केलं. खरं सांगायचं तर तिला स्वतःचीच लाज वाटत होती. पोरीची मापं तिच्याकडे होती, चार महिन्यांपूर्वी फोनवर आलेली, आकडे अगदी स्पष्ट. पण स्वतःच्या हाताने टेप लावून पोरीचं शेवटचं माप तिने घेतलं होतं ते शाळेच्या गणवेशासाठी. कापड बेततानाही हाताला तीच पोरगी आठवली आणि कात्री आपोआप लांबून फिरली.

भिंतीवरचा स्पीकर खरखरला आणि कॅप्टनचा आवाज आला. बंदराच्या तोंडाशी वाऱ्याचा जोर मर्यादेच्या बाहेर गेला आहे. जहाजाला वाट दाखवायला बंदरातून आलेले पायलट जहाजावर चढले आहेत आणि त्यांच्याशी बोलूनच निर्णय घेतला आहे. प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी आजचं बंदर रद्द करत आहोत. पायलटना उतरवून आपण पुढे निघू. दिलगीर आहोत. दहा वाजता मोठ्या दालनात पत्त्यांची स्पर्धा आहे.

पलीकडे इस्त्रीची यंत्रं नेहमीसारखी फुसफुसत होती. टाचणी ड्रेसकडे बघत बसली. कंबरेत अजून कच्चा धावदोराच होता. उद्या दिवसभर नुसता समुद्र, आणि त्यानंतरची बंदरं इतकी लांब की तिथून काही पाठवावं तर लग्न होऊन जोडपं मुरून जाईल. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सॅटिनवर पडलं तर डाग पडेल म्हणून तिने घाईने तोंड बाजूला केलं.

 मुकादमाने पँटची घडी घातली, मोडली, परत घातली.

“चहा आणू?”

“अंहं.”

मग तिने ओठांतली टाचणी काढली.

“मुकादम, पायलट उतरणार म्हणाले ना?”

“हो, तो बिचारा इथे कशाला राहील? त्याची लाँच येईल खाली, शिडीने उतरेल आणि जाईल आपल्या घरी.”

“कुठल्या घरी?”

मुकादमाने तिच्याकडे पाहिलं, ड्रेसकडे पाहिलं, आणि भिंतीवरचा फोन उचलला. सेकंडसाहेब वर कामात होते. दोनदा नाही म्हणाले. कोणाकोणाच्या पिशव्या पायलटच्या गळ्यात घालायच्या, वर हा असा वारा, असं काहीसं बोलत होते. मुकादम शांतपणे ऐकत राहिला आणि मग म्हणाला, “बरं साहेब. तुमच्या पँटचं तेवढं सांगायचं होतं. टाचणीबाई म्हणतात, शिवणीत माया संपलीय. पण मनात आणलं तर त्या मागून पट्टी लावून देतील. कोणाला कळणारसुद्धा नाही.”

पलीकडे सेकंडसाहेबांनी घड्याळ पाहिलं असावं.

“पंधरा मिनिटं,” मुकादम फोन ठेवत म्हणाला.

तिने ड्रेसची घडी घातली. आधी धुलाईची कापडी पिशवी, मग कचऱ्याची काळी पिशवी, मग बोटींवर असते ती पाणी न शिरणारी नारिंगी पिशवी. हातमोजे शिवायचा जाड दोरा चार पदरी करून तिने तोंड आवळून बांधलं आणि कपड्यांना लावतात त्या चिठ्ठीवर लेकीचा नंबर लिहिला. कर्मचाऱ्यांच्या डेकवर किनाऱ्याचं नेटवर्क धरत होतं. लेकीने पहिल्याच रिंगला फोन उचलला.

“आई, इथे फलकावर लिहिलंय, जहाज...”

“जहाज येत नाही. ड्रेस येतोय. पायलटची लाँच कुठे लागते, विचार आणि तिथे जाऊन थांब.”

“आणि तू?”

“मी नाही गं.”

लेक काही बोलली, पण ते वाऱ्याने ऐकू दिलं नाही.

जहाजाच्या पोटाशी, पाण्याच्या थोडं वर, एक लोखंडी दार उघडलं होतं. सेकंडसाहेबांनी तिला तीन हात मागे उभं केलं आणि आणखी एक पाऊल पुढे टाकायचं नाही म्हणून बजावलं. खाली लाँच लाटेबरोबर वर यायची आणि दिसेनाशी व्हायची. पायलट मध्यमवयीन, अबोल माणूस होता. त्याने चिठ्ठी वाचली आणि विचारलं, “मोडण्यासारखं काही आहे?”

“नाही. कापड आहे. लेकीच्या लग्नाचं.”

त्याने मान हलवली आणि शिडीला हात घातला. तो उतरल्यावर नारिंगी पिशवी दोरीने खाली सोडली. ती दोनदा जहाजाच्या अंगावर आपटली, तिसऱ्या वेळी लाँचमधल्या खलाशाने झेलली. पायलटने ती मांडीवर घेतली आणि वर न बघता एक हात उंच केला.

खोलीत परतल्यावर टाचणीने टाचण्या मोजल्या. हा तिचा रोजचा नेम होता. डब्यात चाळीस असायलाच हव्यात, कारण हरवलेली एखादी कोणाच्या तरी अंगात जाऊन सापडते. आज एकोणचाळीस भरल्या. तिने परत मोजल्या, टेबलाखाली पाहिलं, स्वतःची कॉलर चाचपली. मग तिच्या लक्षात आलं आणि तिने कपाळावर हात मारला. अकरा वर्षांत कोणाच्या कपड्यात टाचणी राहिली नव्हती आणि राहिली ती नेमकी पोरीच्या ड्रेसमध्ये.

तासाभराने ती परत डेकवर गेली. जहाज किनाऱ्याच्या कडेकडेने दूर चाललं होतं आणि फोनवरच्या नेटवर्कच्या काड्या तिनाच्या दोन झाल्या होत्या. तिने रेलिंगला पाठ लावली आणि फोन छातीशी धरला. तो वाजला तेव्हा एकच काडी उरली होती.

“मिळाला,” लेक म्हणाली. “धक्क्यावरच्या प्रतीक्षालयात घालून बघतेय. मावशी दार धरून उभी आहे.”

“टाचणी...”

“टोचली. कंबरेत. तेव्हाच म्हटलं, आपलाच माल आहे.” लेक हसली. “आई, खांद्यात अगदी नीट बसलाय. बाह्यापण. पण कंबरेत मिटत नाहीये.”

“असं कसं? तुझ्याच मापाने बेतलाय.”

“माप चार महिन्यांपूर्वीचं आहे.”

 अकरा वर्षं टाचणीने लोकांच्या कंबरा वाढताना पाहिल्या होत्या. कोणती कंबर जेवणाने वाढते आणि कोणती कशाने, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. फक्त खांदे तेच आणि बाह्या त्याच, हे तिने मनात एकदा परत लावून पाहिलं.

“कितवा?” तिने विचारलं.

“चौथा लागलाय.” लेकीचा आवाज एकदम लहान झाला. “तुला समोर बसवून सांगायचं होतं गं. फोनवर तू रडतेयस की रागावलीस, काही कळत नाही. म्हणून म्हटलं, भेटलीस की सांगते. तारीख त्यासाठीच... तुला वगळून नाही घेतली आई. आईला तसंच वाटेल, असं मी रोज म्हणायची, मग मावशी म्हणायची, अगं, तिला बोटांवर महिने मोजता येतात, कळेल तिला.”

“रडतेय,” टाचणी म्हणाली. “रागावलेली नाही. आता नीट ऐक, नेटवर्क जातंय. बाजूची शिवण आतून बघ.”

“बघते... अगं बाई. केवढं कापड ठेवलंयस.”

“तीन बोटं माया आहे. दोन्हीकडे. कंबरेत कच्चा दोरा आहे, मावशीला तो ओढून काढू दे, कात्री लावू नका. अंगावर घालून बघा आणि मग शिवा. फार आवळू नकोस.”

“अजून नऊ दिवस आहेत. पुरेल?”

“पुरेल. पुरून उरेल.”

“आणि तू कधी...”

फोन बंद पडला. काड्या सगळ्या गेल्या होत्या. किनारा आता डोंगराची एक पुसट रेघ होता आणि डेकवर तिच्याखेरीज कोणी नव्हतं. तिने बोटं मोजली. करार संपायला अडीच महिने. तेव्हा पोरीला सहावा सरत आला असेल. म्हणजे नातवंडाचं पुढचं सगळं, अगदी पहिल्यापासून, तिच्या हातात येणार होतं. एकदा चुकली होती ती वर्षं परत मिळत नाहीत हे तिला ठाऊक होतं, पण ही वेगळी होती आणि अजून सुरूही झाली नव्हती. तिने ओढणीने तोंड पुसलं.

शिवणाच्या खोलीत मुकादम तिच्या खुर्चीत बसून सेकंडसाहेबांच्या पँटला लावायची पट्टी शोधत होता, म्हणजे नुसताच वाट बघत होता. जहाज कललं, डबा सरकला, त्याने अडवला.

“लागला फोन?”

“हं.”

“बसला का ड्रेस?”

“नाही बसला.” टाचणीने त्याच्या हातातून पट्टी घेतली आणि तोंडात टाचणी धरायच्या आधी म्हणाली, “अजून वाढायचीय ती.”