कचारगडाला पायी

दोन हजार आठ सालच्या माघात गावातली सगळी माणसं कचारगडच्या जत्रेला जीपने गेली. दुर्पता कुंभरे मात्र अर्जुनी मोरगावकडून चालत निघाली. बावीस वर्षं ती पायीच जात होती. सुरुवातीला चौदा बायका असायच्या. मागच्या साली ती आणि जाऊ प्रेमिला, दोघीच उरल्या. प्रेमिलाला डोंगर चढवेना म्हणून त्या डांबरी रस्त्याने फिरून गेल्या होत्या. यंदा प्रेमिलाचे गुडघे पुरतेच गेले.

"तू बी बस ना जीपमंधी," ती म्हणाली होती.

"बसून गेली तं देवाले काय सांगू?" दुर्पता म्हणाली आणि निघाली.

चौथ्या दिवशी पहाटे तिने देवरीपुढचं मुक्कामाचं गाव सोडलं. उत्तरेला डोंगर निळे दिसत होते. नाल्यात पाणी घोट्यापर्यंतच होतं. चढ लागला तशी तिने सवयीने गाण्याची पहिली ओळ म्हटली आणि थांबली. दुसरी ओळ मागच्या बायका उचलायच्या. मागे कोणी नव्हतं. पुढे ती मुकाट्याने चढत राहिली.

दुपारी पायवाट घाणेरीच्या झुडपांत शिरली आणि नाहीशी झाली. दुर्पताने डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. लुगडं काट्यात फाटलं. एका वारुळापाशी अस्वलाने नुकतीच माती उकरलेली होती. तिने हाक मारली, "ओऽऽ!" उत्तर आलं नाही. मग, जाऊ जीपमधून कधीच पोचली असेल हे ठाऊक असूनही, ती ओरडली, "प्रेमिलाऽऽ! ओ प्रेमिला!" आणि मटकन खाली बसून रडली.

बऱ्याच वेळाने धुराचा वास आला. त्या दिशेने वाट काढत ती गेली, तर रत्नपाल नावाचा एक वनमजूर वणवा पसरू नये म्हणून पालापाचोळ्याचा पट्टा जाळत होता.

"एकटीच काऊन फिरून राहिली, माय?"

"कचारगडले जातो. वाट कुठं गेली, बापा?"

"वाट बुजली. दोन साल झाले, इकून कोनीच येत नाही."

त्याने आपलं पाणी तिला दिलं, आगीवर हिरव्या फांद्या झोडून ती विझवली आणि खिंडीपर्यंत सोबत आला. "चाल ना थोडा अजून," ती म्हणाली. पण त्याला पट्ट्यावर परतायचं होतं. उतारावर तिने दोनदा वळून पाहिलं. दुसऱ्यांदा तो दिसला नाही.

दिवस बुडता बुडता ती खाली पोचली. गाड्याच गाड्या, भोंगे, माणसांची दाटी. प्रेमिला लंगडत धावत आली. तिने दुर्पताला खाली बसवलं आणि तिचे रक्ताळलेले तळवे मांडीवर घेतले.

"वाट कशी हाय वो?"

"बुजली," दुर्पता म्हणाली. पुढे सांगण्यासारखं खूप होतं, पण बाकीच्या बायका जीपमध्ये कोण कोणाच्या मांडीवर बसलं यावर हसत होत्या.

दर्शन झालं. पाय टेकवत नव्हता, म्हणून परतताना तीही जीपमध्ये बसली. चार दिवसांची चाल अडीच तासांत संपली. ती खिडकीपाशी होती. आपण कुठला डोंगर चढून आलो ते ती सारखी शोधत होती. शेवटपर्यंत तिला तो ओळखता आला नाही.