ताबेयाआजीची चाल

मी एक जुना पितळी कर्णा आहे, आणि मित्रांनो, मला राग आलेला आहे.

सध्या माझा मुक्काम एका काचेच्या पेटीत आहे. पेटीखाली पाटी आहे. येणारे जाणारे थांबतात, वाकतात आणि वाचतात, ‘मिशनरी टिलमान यांचा कर्णा.’ मग मान डोलावून पुढच्या पेटीकडे जातात. टिलमानच्या ओठांना मी कधी लागलोही नाही. मला वाजवणारा माणूस होता जकारियास. तो सीलची शिकार करायचा. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे बर्फाने खाल्ली होती, आणि उरलेल्या बोटांनी तो मला असा धरायचा की जणू मी निसटून समुद्रात पडणार आहे. त्याचे नाव त्या पाटीवर कुठेच नाही.

पण माझा खरा राग पाटीवर नाही. तो फार जुना आहे. ऐका.

माझा जन्म जर्मनीतल्या एका तांबटाच्या दुकानात झाला. ठोकून, वाकवून, सांध्यांना डाग देऊन त्याने मला घडवले, छातीवर सूर बदलायचे तीन दट्टे बसवले आणि गवतात गुंडाळून उत्तर अमेरिकेतल्या बर्फाळ लॅब्राडॉरच्या जहाजावर चढवले. ते जहाज वर्षातून एकदाच, उन्हाळ्यात, त्या किनाऱ्याला लागे. पिठाची पोती, वाटाणे, खिळे आणि मी, असे आम्ही एकत्रच उतरलो. उतरल्या दिवशीच जकारियासने मला तोंडाला लावले. पहिला सूर ऐकून किनाऱ्यावरची कुत्री एकसाथ रडू लागली आणि सगळे गाव हसले. ते हसू मला अजून आठवते.

आमच्या गावात लाकडी चर्च होते, त्याला लागून मिशनचे घर होते आणि भोवती तिथल्या मूळच्या इनुइट लोकांची बुटकी, माती लिंपलेली घरे होती. गावात कुणी वारले की आम्ही वाद्ये मिशनच्या छपरावर चढत असू. तिथून चाल वाजे. लग्न झालेल्या पुरुषाची चाल वेगळी, कुमारिकेची वेगळी, लेकराची वेगळी आणि विधवेची वेगळी. कोण आजारी आहे हे गावाला ठाऊक असेच. चाल ऐकली की कोण गेले हे नाव न घेता कळे. गोठलेल्या हवेत माझा आवाज फार लांब जाई, थेट समुद्रावर गोठलेल्या बर्फाच्या काठापर्यंत, जिथे पुरुष सीलची वाट पाहत उभे असत. तो काठ रोज सरकतो. तिथल्या माणसाला निरोप द्यायचा तर त्याला शोधायचे कुठे हेच कळत नाही. म्हणून निरोप मीच होतो.

थंडीत मी घशापासून गोठतो. वाजवणाऱ्याच्या श्वासातले पाणी आत बर्फ होते आणि दट्टे बसतात ते हलत नाहीत. यावर उपाय जकारियासच्या बायकोने, युस्टिनाने, काढला होता. तिकडच्या बायकांच्या अंगरख्याला पाठीवर मोठी टोपी असते, तिच्यात मूल ठेवतात. युस्टिना तिच्यात मला ठेवी. कधी मूल, कधी मी, कधी दोघेही. छपराच्या शिडीपर्यंत मी तिच्या पाठीच्या उबेत जात असे.

टिलमान आला तेव्हा त्याला नुकती दाढी फुटत होती. मोठे मिशनरी केसलर होते, त्यांच्या हाताखाली तो होता. मी मिशनच्या बैठकीत शेगडीजवळच्या खुंटीवर असे, त्यामुळे त्याचे सगळे दिवस मी पाहिले आहेत. सकाळी उठला की तो आधी तांब्यातला बर्फ पळीने फोडी. भिंतीतल्या खिळ्यांच्या डोक्यांवर आतून हिमाचे कण धरत, ते नखाने खरवडी. मग शाईची दौत काखेत धरून बसे, शाई पातळ होईपर्यंत. लाकडे फोडणे, शाळेत मुलांना शिकवणे, आजाऱ्यांना भेटणे, आणि रविवारचे प्रवचन शेगडीसमोर उभे राहून म्हणून पाहणे. शेगडी काही बोलत नसे. मीही नाही.

बोलत असे ती ताबेयाआजी, युस्टिनाची विधवा आई. दार न वाजवता आत येई, शेगडीजवळ बसे आणि त्याच्या पायांकडे बघे.

“काय रे पोरा, पाय आहेत का गेले?”

“आहेत, आजी.”

“मोज तरी. काल दहा बोटं होती ना?”

सीलच्या कातड्याचे जोडे रात्रीत लाकडासारखे कडक होतात. सकाळी ते चावून मऊ करावे लागतात. टिलमानचे जोडे तिनेच शिवले होते आणि तीच चावून देई. तोंडात जोडा धरूनच ती बोले.

“माझे दात झिजले ते तुमच्या लोकांचे जोडे चावून. तुझ्या आधी तीन मिशनरी खाल्ले मी.”

“मग मी कसा लागतो, आजी?”

“कच्चा आहेस अजून.”

टिलमान पोट धरून हसला. जहाज गेल्यापासून तो पहिल्यांदाच हसत होता.

आता सांगतो ते नीट ऐका. मागे एका हिवाळ्यात सील मिळेनासे झाले होते. लेकरे चामड्याचे तुकडे उकळून खात होती. तेव्हा ताबेयाआजीने खाडीवर जाऊन, सील धाडते म्हणतात त्या समुद्राखालच्या बाईसाठी जुने गाणे म्हटले, तिच्या आजीने शिकवलेले. केसलरना ते कळले. चर्चमध्ये उभी राहून चुकले म्हण, असे त्यांनी सांगितले. ती उभी राहिली आणि म्हणाली, “चुकले. पण ब्रदर, सील आले ना?” त्या दिवसापासून तिला प्रभुभोजनातून, म्हणजे चर्चमधल्या भाकरी-द्राक्षरसाच्या विधीतून, बाहेर काढले. ती दाराजवळच्या शेवटच्या बाकावर, वारा येतो तिथे, बसू लागली. आणि नियम असा होता की जो बाहेर असताना मरेल, त्याच्यासाठी छपरावरून चाल वाजायची नाही.

टिलमानच्या दुसऱ्या हिवाळ्यात केसलर कुत्र्यांच्या गाडीने दक्षिणेकडच्या मिशनवर गेले. मागे तो एकटाच उरला. त्याच सुमारास ताबेयाआजीला खोकला लागला. घरात मांस संपत आले होते, म्हणून तिच्या मुलाला, बोआसला, बर्फाच्या काठावर जावेच लागले. निघताना तो मेव्हण्याला, जकारियासला, म्हणाला, “काही झालं तर वाजव. मी कान देऊन असेन. वाजलं नाही तर आई आहे असं समजेन.”

एका सकाळी ताबेयाआजी गेली. टिलमान तिच्या उशाशीच होता, तिचा हात त्याच्या हातात होता. युस्टिनाने आईचे डोळे मिटले, मला टोपीत घातले आणि ती मिशनकडे चालू लागली. जकारियास तिच्या पुढे होता. शिडीपाशी टिलमान धावत आला.

“जकारियास, थांब. नाही वाजवता येणार.”

“दट्टे मोकळे आहेत. बघा की.”

“तसं नाही. आजी बाहेर होती. नियम आहे.”

युस्टिना पुढे झाली. “ब्रदर, तुमच्या पायात काय आहे?”

“युस्टिना, नियम माझा नाही.”

“मी नियम नाही विचारला. पायात काय आहे ते विचारलं.”

टिलमानने खाली पाहिले. “आजीने शिवलेले जोडे.”

“मग जोडे आत आणि ती बाहेर?”

“केसलर आले की मी त्यांना विचारतो. ते हो म्हणाले तर त्याच दिवशी...”

“आणि बोआस? तो तिकडे कान लावून बसलाय. त्याला कोण सांगणार, तुमचे केसलर?”

टिलमान शिडीसमोरून हलला नाही. बोआस काय सांगून गेला ते त्याला ठाऊक होते. तो घाबरलेला होता, हे मी नाकारत नाही. पण घाबरलेल्या माणसानेही दार लावले तर बाहेरचा माणूस बाहेरच राहतो.

जकारियासने माझी मुखनळी काढून खिशात टाकली आणि मला टिलमानच्या हातात दिले. “घ्या. तुमचाच आहे म्हणता ना.”

पाहा मित्रांनो, पाटी खरी होती ती एवढेच दिवस.

टिलमानला मी समोर नको होतो. त्याने मला बाहेरच्या बोळात टांगले, जिथे लाकडे ठेवतात आणि शेगडीची धग पोचत नाही. तिथे माझा घसा गोठला. जमीन दगडासारखी होती, कबर खणता येत नव्हती, म्हणून ताबेयाआजीला बर्फाखालच्या खोपटात ठेवले होते. आम्ही दोघेही वाट पाहत होतो.

टिलमानचे रोजचे चालू होते. तांब्यातला बर्फ, दौत, शाळा. मुले शाळेत येत, पण हसत नसत. जोडे चावायला कुणी नव्हते. तो ते लाकडी हातोडीने ठोकून मऊ करू पाहत असे. तो ठोकण्याचा आवाज मी रोज ऐकत होतो, आणि रोज माझा राग वाढत होता. माझ्या गळ्यातली चाल गावाची होती. तिला कुलूप लावायचा अधिकार या पोराला कुणी दिला?

मग एका सकाळी कुत्र्यांचा गलका झाला. बोआस आला होता, गाडीवर सील होते. त्याचा आवाज बोळापर्यंत आला.

“आई, ऊठ गं! तुझे दात झिजलेत म्हणून मऊ मऊ आणलंय!”

नंतर काहीच ऐकू आले नाही.

थोड्या वेळाने तो मिशनच्या बोळात येऊन माझ्याखाली उभा राहिला. त्याच्या हातात सीलचे काळीज होते. गोठू नये म्हणून ते त्याने छातीशी धरून आणले होते. टिलमानने आतले दार उघडले. बोआसच्या दोन्ही कानांच्या कडा काळ्या पडल्या होत्या.

“हे काय झालं?” टिलमानने विचारले.

“टोपी घालत नव्हतो, ब्रदर. वारा पडला की मागे टाकायचो. ऐकू यावं म्हणून.”

“बोआस...”

“काही वाजलं नाही. म्हणून मी खूश होतो.” त्याने हातातल्या काळजाकडे पाहिले. “रोज खूश होतो.”

तो ओरडला असता तर बरे झाले असते.

टिलमानने मला खुंटीवरून काढले आणि टोपी न घालताच तो जकारियासच्या घरी धावला. “वाजव,” तो म्हणाला.

जकारियासने दट्टा दाबून पाहिला. “गोठलाय. आणि तुमचा नियम?”

“केसलरना मी सांगेन. मी वाजवायला लावलं म्हणून सांगेन.” तो मला शेगडीवर धरायला गेला, तेवढ्यात युस्टिनाने हात पुढे केला.

“तिथे नको. डाग सुटतील त्याचे. आणा इकडे.”

तिने मला टोपीत सोडले. मी तिच्या पाठीला बर्फाच्या लादीसारखा लागलो. ती शहारली, पण तिने मला काढले नाही. तिची पाठ हलत होती. थंडीने की कशाने, ते मला सांगता येणार नाही. हळूहळू माझ्या घशातून पाणी सुटले आणि तिच्या पाठीवरून ओघळले. जकारियासने खिशातून मुखनळी काढली. ती ऊबदार होती. इतके दिवस त्याने ती अंगावेगळी केली नव्हती.

टिलमानने शिडी धरली. छपरावरून विधवेची चाल वाजली. एकेका घरातून माणसे बाहेर आली आणि उभी राहिली. मी संथ वाजायला हवा होतो. मी संतापाने वाजलो, आणि जकारियासने मला आवरले नाही. चाल संपली तेव्हा युस्टिनाने भावाची टोपी त्याच्या काळ्या कानांवर ओढली.

“आता घाल. ऐकलंस ना?”

केसलर आले, त्यांना सगळे कळले, आणि उन्हाळ्याच्या जहाजाने टिलमानला परत पाठवण्यात आले. जाताना त्याच्या पायात तेच जोडे होते. पुढे लोक म्हणू लागले की त्याने केवढे धाडस केले. म्हणोत. माझे मत वेगळे आहे. धाडस त्या पहिल्या सकाळी हवे होते. बोआसच्या कानांच्या कडा नंतर गळून पडल्या. त्याने आणलेले काळीज कुणी खाल्ले नाही.

जकारियास गेला, त्याची चाल त्याच्या मुलाने वाजवली. मग गावात रेडिओ आला, छपरावर चढणारे कमी झाले, आणि कुणीतरी मला पुसून या पेटीत ठेवले. इथे मला रोज चकचकीत करतात. हातमोजे घालून उचलतात. काचेला माणसाच्या पाठीची ऊब नसते, हे त्यांना कोण सांगणार?

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल तर तिला नुसती पुसू नका, हातात घ्या, वापरा. ती कुणाची होती ते खरे सांगा. आणि तुमच्याकडचे कुणी गेले तर ज्याला कळायला हवे त्याला आधी कळवा, परवानगी नंतर मागा. कुठेतरी कुणीतरी थंडीत टोपी मागे टाकून, कान उघडे ठेवून उभे असते.