समासातली जीन

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे. शिसवी मूठ, पितळी कडं आणि काठाला टवका उडालेली काच. मला उन्हात धरून कागद जाळायचा तुमचा विचार असेल, तर आधी माझं थोडं ऐकून घ्या. फार काही सांगण्यासारखं आहे असं मी म्हणणार नाही.

माझी काच पुण्यात, चष्म्याच्या एका दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत घासली गेली. मोरेश्वर नावाच्या लाजाळू तरुणाने मला घेतलं. तो जुन्या कागदपत्रांच्या कचेरीत मोडी वाचायचा. मोडी म्हणजे मराठीची जुनी, हात न उचलता भरभर लिहायची लिपी. लोक आपल्या खापरपणजोबांचे कागद घेऊन यायचे. मोरेश्वर माझ्यावर वाकायचा आणि प्रत्येक वाक्याआधी ‘बहुतेक’ म्हणायचा. ‘बहुतेक हे तुमच्याच घराण्यातले असावेत.’ लोक हसायचे, पण त्याचं ‘बहुतेक’ सहसा चुकायचं नाही. नाव सापडलं की एखादी म्हातारी मलाच नमस्कार करायची. ते माझे चांगले दिवस होते.

त्याची शोधायची पद्धत ठरलेली होती. आधी आडनाव धरायचं आणि पानाच्या कडेला, समासात लिहिलेल्या नावांवरून नजर खाली उतरवत न्यायची. आडनाव सापडलं, की बायकामुलं त्याच आडनावाखाली ओळीने सापडायची. मित्रांनो, ही पद्धत लक्षात ठेवा.

तो निवृत्त झाला आणि त्याचा मुलगा यतीन आईवडिलांना अमेरिकेत, शॉमबर्गला घेऊन आला. तिथे मला काम नव्हतं. मी स्वयंपाकघरातल्या खणात, संपलेल्या बॅटऱ्या आणि बंद पडलेल्या रिमोटच्या शेजारी पडून राहिलो. यतीनची बायको राधिका एकदा म्हणालीसुद्धा, “बाबा, फोनमध्ये झूम होतं सगळं. हे डोनेट करू का?”  मोरेश्वरने मला उचलून कोटाच्या खिशात टाकलं.

त्या कोटासह मी इमारतीसमोरच्या बाकावर जाऊ लागलो. मोरेश्वर तिथे मोडीची जुनी पानं वाचत बसे. शेजारच्या घरात जीन रॅट्रे नावाची वृद्ध बाई एकटी राहायची. तिच्या नजरेच्या मधोमध काळा डाग पडला होता. कडेकडेचं तेवढं दिसे. एके दिवशी ती काठी टेकत आली आणि त्या पानावर वाकली.

“हे गांडुळांसारखं काय आहे?”

“माझ्या देशातलं जुनं अक्षर,” मोरेश्वर इंग्रजीत चाचरत म्हणाला.

“हे वाचता? मग माझी गांडुळं नक्की वाचाल.”

तिने घरातून कागदांचा गठ्ठा आणला. स्कॉटलंडमधल्या एका गावात हातमोजे शिवणाऱ्या कारागिरांचा संघ होता. कुणाला दुकान घालायची परवानगी, कुणाकडे कोण शिकायला राहिलं, हे सारं त्यांच्या दफ्तरात लिहून ठेवलेलं. त्या पानांच्या या झेरॉक्स प्रती होत्या. जीनच्या घरात प्रत्येक पिढीत एक जीन असायची. पहिली जीन, अँड्र्यू रॅट्रेची बायको, नवऱ्यामागे स्वतः दुकान चालवायची, असं तिच्या आजीने सांगितलं होतं.

“माझा भाऊ टॉम म्हणायचा, ही गोष्ट तूच रचलीस,” जीन म्हणाली. “बाई कुठे दुकानदार असते का, म्हणायचा. आता भाचा मला ॲरिझोनाला, म्हाताऱ्यांच्या घरात नेऊन ठेवणार आहे. माझं डोकंही हल्ली वाटा चुकतं. जायच्या आधी एवढं सांगा, ती तिथे आहे की नाही.”

त्या हिवाळ्यात मी पुन्हा कामाला लागलो. ते अक्षर मोडीसारखंच हट्टी होतं. शेपट्या सोडणारं, अर्धे शब्द गिळणारं. मोरेश्वरने एक एक अक्षर ओळखून तक्ता बनवला. जीन शेजारी बसून चहा गार करायची. एका ठिकाणी लिहिलं होतं, की अमक्याला लिहिता येत नसल्याने लेखनिकाने त्याचा हात धरून सही करवली. ते ऐकून ती म्हणाली, “बघा, माझ्यासारखाच कुणीतरी. दुसऱ्याच्या आधाराने चाललेला.”

मोरेश्वरने आपल्या पद्धतीने रॅट्रे हे आडनाव धरलं. समासातून आम्ही उतरत गेलो. अँड्र्यू रॅट्रे सापडला, त्याचा भाऊ सापडला. जीन रॅट्रे मात्र कुठेच नव्हती.

सामान बांधून झालं त्या सकाळी जीनने विचारलं, “नक्की नाही?”

तिला खोट्या आशेवर ठेवू नये, असं मोरेश्वरला वाटलं असावं. मान खाली घालून तो म्हणाला, “नाही.” आयुष्यात एकदाच त्याने ‘बहुतेक’ म्हटलं नाही.

“म्हणजे टॉमचं खरं होतं,” जीन म्हणाली. तिने गठ्ठा त्याच्याच हातात ठेवला आणि ती भाच्याच्या गाडीत बसली.

पुढे एका रविवारी यतीन जेवणाच्या टेबलावर आईचे सरकारी कागद भरत होता. मोरेश्वर मला पुसत शेजारी बसला होता.

“आई, इथे ‘अदर नेम्स’ विचारलंय. लग्नाआधीचं नाव टाकावं लागेल, नाहीतर रिजेक्ट करतील.”

“सीमा फाटक,” मोरेश्वरची बायको शोभना म्हणाली.

“सीमा? तुझं नाव सीमा होतं? कधी बोलली नाहीस!”

“कुणी विचारलं? यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने शोभना लिहिलं आणि सीमा त्याच तांदळात गेली. बायकांचं नाव विचारायला तुमच्या घरात सरकारी फॉर्म यावा लागतो.”

यतीन हसला. मोरेश्वर हसला नाही. त्याचा मला पुसणारा हात थांबला. मग तो उठला, गठ्ठा घेऊन आला आणि या वेळी आडनाव न धरता, समासात जिथे जिथे बाईचं नाव होतं तिथली पूर्ण नोंद वाचू लागला.

समासात जीन गेडी होती. हे नाव आम्ही कितीदा ओलांडून गेलो होतो! पुढे लिहिलं होतं: मयत अँड्र्यू रॅट्रे याची विधवा, विधवा राहील तोवर तिने नवऱ्याचं दुकान चालवावं. त्या मुलखात लग्नानंतरही कागदोपत्री बाई बापाच्याच आडनावाने राहायची. खाली तिची सही होती, लेखनिकाने हात धरून करवलेली.

“शोभना,” मोरेश्वर म्हणाला, “मी तिला नाही म्हणून सांगितलं.”

“मग आता आहे म्हणून सांगा. लावा फोन.”

फोन भाच्याने उचलला. आत्या आता फारसं कुणाला ओळखत नाही, असं तो नम्रपणे म्हणाला. मोरेश्वरने फोन ठेवला. त्याने ते पान घेतलं, मोठ्या अक्षरांत एक चिठ्ठी लिहिली आणि सोबत मलाही खोक्यात ठेवलं. माझा टवका उडाला तो याच प्रवासात.

ॲरिझोनात मी बरेच दिवस खिडकीच्या फळीवर धूळ खात होतो. जीन कधी कधी मला उचलायची आणि आरसा समजून चेहऱ्यासमोर धरायची. “इथे कुणीच नाही,” असं म्हणून परत ठेवायची. मित्रांनो, यापेक्षा मी फुटलो असतो तर बरं.

शेवटी रोझा नावाच्या सेविकेने धूळ पुसताना ती चिठ्ठी उघडली आणि मोठ्याने वाचली. “जीन गेडी, अँड्र्यू रॅट्रेची बायको. दुकान तिचंच होतं. ती तिथे आहे. नक्की. चूक माझी.”

जीनने मान वळवली. “ती आहे तिथे?”

रोझाने मला पानावर धरलं. “हो, हे काय. इथेच आहे.”

“मग टॉमला सांगा,” जीन म्हणाली. “आत्ताच्या आत्ता फोन करा.”

रोझाने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. टॉम जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. “करते हं,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी जीनने मला पुन्हा आरशासारखं धरलं.

मित्रांनो, काच मऊ फडक्याने पुसा, एवढं तर कुणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. आज घरी गेलात की आजीला तिचं आधीचं नाव विचारा. ती सांगेल तेव्हा शेजारी बसा. मी फक्त अक्षरं मोठी करतो. ती वेळेवर वाचणं माझ्या हातात नाही.