आईला विचारायचं नाही

पद्मिनीबाईंनी ट्रेलरच्या उजव्या चाकाच्या मधल्या लोखंडी गोलावर तळवा टेकवला आणि झटक्याने मागे घेतला. तळव्यावर लाल चट्टा उठला होता.

चाक चाचपायला त्यांना एल्मरने शिकवलं होतं. एल्मर हा गिरीशच्या ट्रेलर क्लबातला सर्वांत जुना माणूस. तेलाच्या विहिरींवर काम करून निवृत्त झालेला, हाडापेराने रेड्यासारखा, आवाजाने हळू. गाडी कुठेही थांबली की हा माणूस आधी प्रत्येक चाकाशी वाकायचा आणि तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा हात ठेवायचा. कोमट लागलं तर ठीक. हात ठेववत नसेल तर तिथून पुढे जायचं नाही, मग कुणाचं लग्न असो की मयत. गिरीशने हे आईला मराठीत समजावून सांगितलं होतं आणि क्लबाच्या या सहलीत पहिले दोन दिवस स्वतः पाळलंही होतं. आज मात्र पेट्रोल भरून झाल्यावर तो आणि राजीव चिवड्याचा डबा घेऊन गाडीच्या बॉनेटपाशी उभे होते आणि मोठमोठ्याने हसत होते.

त्याला हाक मारून सांगावं, असं पद्मिनीबाईंच्या मनात आलंच. पण त्या मागे आल्या होत्या वेगळ्याच कामासाठी. पंपावरच्या संडासाचं दार उघडूनच त्यांनी पुन्हा लावून घेतलं होतं; ट्रेलरमध्ये घरचा स्वच्छ होता. आता गिरीशला हाक मारायची, तो राजीवला घेऊन येणार, आणि मग त्या दोघांच्या देखत आपण आत जायचं? राजीव परका नव्हता, पण शेवटी लेकाचा मित्र. नागपूरच्या घरात इतकी वर्षं काढली, त्या कधी कुणाला सांगून मोरीकडे गेल्या नव्हत्या. आधी जाऊन येऊ, मग सांगू. त्यांनी निऱ्या सावरल्या, पायरी चढून आत गेल्या आणि दार ओढून घेतलं.

ट्रेलर गिरीश आणि राजीवने भागीत घेतला होता, जुना. दोघेही ह्यूस्टनच्या तेल कंपन्यांत इंजिनिअर, दोघेही शुगर लँडला एका गल्लीत राहणारे. ट्रेलरचं दार चालत्या गाडीत आपोआप उघडायचं, म्हणून राजीवने पुण्याला गेला असताना बोहरी आळीतून पितळी कडी-कोयंडा आणून बाहेरून ठोकला होता. क्लबातल्या लोकांना त्याचं मोठं कौतुक. एल्मर तेवढा त्या कडीकडे बघून म्हणाला होता, "आत कुणी असलं तर?"

"आत कोण असणार?" राजीव म्हणाला होता. "ट्रेलर चालू असताना आत बसायचं नाही, हा तुमचाच रूल ना?"

पद्मिनीबाई हात धूत होत्या तेव्हा बाहेर कडी पडल्याचा आवाज आला. त्यांनी हाक मारली. पायरी दुमडल्याचा आवाज झाला, पंपावरून एक ट्रक गुरगुरत गेला, आणि पायांखालची जमीन हलली.

आधी त्यांना हसू आलं. रस्त्याला लागले की कळेलच, आई नाही म्हणून. मग त्या बाकावर बसल्या आणि विचार करू लागल्या, आणि हसू मावळलं.

सकाळपासून बायका राजीवच्या स्टेशन वॅगनमध्ये होत्या आणि पुरुष ट्रेलर ओढणाऱ्या गिरीशच्या सबर्बनमध्ये. कुठल्याही पिकनिकला असंच व्हायचं, कुणी ठरवावं लागत नसे. राजीवची बायको संध्या वॅगन चालवायची आणि शेजारी शैला, पद्मिनीबाईंची सून. त्या स्वतः तेवढ्या इकडेतिकडे असायच्या. गाडी लागायची म्हणून कधी सबर्बनच्या पुढच्या सीटवर, कधी पोरींबरोबर वॅगनमध्ये, आडवं व्हायला. म्हणजे आता पोरी समजणार, काकू तिकडे. आणि पोरगे समजणार, आई इकडे. पुढचा मुक्काम येईपर्यंत कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं. आणि मुक्काम दुपार कलल्यावर होता.

तळवा चुरचुरत होता. चाक बाकाच्या खालीच होतं.

दारापाशी खुंटीला एक वॉकी-टॉकी लटकत होता. ट्रेलर मागे घेताना राजीव तो घेऊन मागे उभा राहायचा आणि "डावीकडे, डावीकडे, अरे तुझं डावीकडे!" असं गिरीशला ओरडून सांगायचा. पद्मिनीबाईंनी चक्री फिरवली. खरखर झाली आणि त्यातून राजीव गायला लागला.

भेंड्या चालल्या होत्या. क्लबाच्या सगळ्या गाड्यांमध्ये सी.बी. रेडिओ होते आणि सगळे चौदा नंबरवर बोलायचे: पुढे वळण आहे, पुढे पोलीस आहे, मेरीला कॉफी हवी आहे. पण दोन्ही मराठी गाड्या कालपासून त्या चॅनेलवर नव्हत्या. चौदावर गायलं तर लोक चिडले असते, म्हणून त्यांनी या छोट्या वॉकी-टॉकीत जो एकच चॅनेल येत होता तो आपला म्हणून धरला होता. मध्ये कुणी ट्रकवाला घुसून शिव्या घालायला लागला की एक चॅनेल वर जायचं, असंही ठरलं होतं.

पद्मिनीबाईंनी बटण दाबलं. "गिरीश! अरे गिरीश, मी ट्रेलरमध्ये आहे!"

लाल दिवा क्षणभर लुकलुकला आणि विझला. बटण सोडल्यावर पुन्हा राजीवचा आवाज, अगदी स्वच्छ. सेल ऐकण्यापुरते उरले होते. बोलण्यापुरते नव्हते. त्यांनी खण उपसले. टॉर्चचे सेल मिळाले, ते यात बसेनात.

"ल आला, ल!" राजीव ओरडत होता. "बोला बायकांनो."

"थांब की जरा. गळा काय काढतोस," संध्याचा आवाज.

"वेळकाढूपणा चाललाय. गिरीश, तिकडे काकूंना विचारतायत बघ."

"ए, चीटिंग नाही हां शैला," गिरीश म्हणाला. "आईला विचारायचं नाही. रूल म्हणजे रूल."

"कोण विचारतंय? तुम्हीच विचारत असाल!"

हा नियम सकाळी पद्मिनीबाईंच्या समोरच झाला होता. त्या ज्या गाडीत बसतील ती गाडी जिंकायची. जुनी नाट्यगीतं, भावगीतं, भजनं, त्यांच्याकडे प्रत्येक अक्षराला काही ना काही होतंच. म्हणून दोन्ही बाजूंनी ठरवलं, आईला विचारायचं नाही. त्यांनाही तेव्हा ते गोड वाटलं होतं.

बाकाखालून वास येऊ लागला. आधी तापलेल्या तेलाचा, मग रबराचा. ट्रेलर चारी बाजूंनी बंद, छतावर जुलैचं टेक्सासचं ऊन. त्यांनी बाकाची गादी उचलली. चाकावरच्या पत्र्याच्या पेटीला हात लावून बघायची गरज पडली नाही. रंगाला फोड आले होते.

त्या मागच्या खिडकीशी गेल्या. मागून एल्मरची पिकअप येत होती, तिच्यामागे त्याचा ट्रेलर. रांगेतली शेवटची गाडी तीच. एल्मरच्या शेजारी त्याची बायको नोरीन बसली होती. पद्मिनीबाईंनी काचेवर दोन्ही हात आपटले आणि जोरजोरात हलवले.

नोरीनने ओळखलं. तिचा चेहरा फुलला आणि तिनेही दोन्ही हात हलवले.

ट्रेलरवाले एकमेकांना हात केल्याशिवाय पुढे जात नाहीत. पद्मिनीबाईंना हे पहिल्याच दिवशी कळलं होतं आणि आवडलंही होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ट्रेलरला त्या हात करायच्या, आणि नोरीन त्यावर खूश होती. पद्मिनीबाई आता जितक्या जोरात हात हलवत, तितक्या जोरात ती हलवत होती. एल्मरने हॉर्न दिला. पुढून, सबर्बनमधून, गिरीशनेही हॉर्न दिला. सगळे मजेत होते.

पद्मिनीबाईंनी हात खाली घेतले. अंगातून घामाची धार लागली होती, पण डोकं थंड होतं. त्या वळल्या. नळाला पाणी होतं. त्यांनी पातेलं भरून पत्र्यावर ओतलं. चर्र आवाज झाला आणि वाफेने डोळे झोंबले. दुसरं ओतलं. तिसऱ्याला नळ फुसफुसला आणि टाकी संपली. कालचे कपडे बाथरूममध्ये वाळत होते. त्यातलं पिवळं पातळ त्यांनी ओढून काढलं.

मागच्या खिडकीला काचेच्या आडव्या पट्ट्या होत्या, बाहेरून डासांची जाळी. त्यांनी दांडा फिरवून पट्ट्या उघडल्या, भाजीची सुरी घेतली आणि जाळी उभी फाडली. पातळाचं एक टोक पट्टीला गाठ मारून बांधलं आणि बाकीचं बाहेर सोडलं. वाऱ्याने ते क्षणात खेचून घेतलं. ट्रेलरच्या मागे सहा वार पिवळं कापड पिकअपच्या दिशेने फडफडू लागलं, आणि त्या फडफडण्याखालून, उजव्या बाजूने, धूर निघत होता तो आता त्यांनाही दिसला.

नोरीनचे हात थांबले.

एल्मरने रेडिओचा माइक तोंडाशी धरलेला दिसला. ओठ हलत होते. पण तो चौदावर बोलत होता. मग त्याने दिवे लावले-विझवले, हॉर्न दाबूनच धरला. रस्ता दुपदरी, डोंगराच्या कडेकडेने जाणारा. पुढे काढायला जागा नव्हती. सबर्बनच्या काचा बंद, ए.सी. चालू. गिरीशने पुन्हा हॉर्नला हॉर्न दिला, या वेळी तालात.

नोरीन आता माइक काढून घेऊन रेडिओची चक्री फिरवत होती. एकेक घर. पद्मिनीबाई वॉकी-टॉकी कानाशी धरून तिच्या बोटांकडे बघत राहिल्या. शैला गात होती, बेसूर. मध्येच खरखर झाली आणि नोरीनचा आवाज त्या गाण्यावर कोसळला. तिचं बोलणं इतकं भरभर आणि इतक्या जाड टेक्सन उच्चारात होतं की पद्मिनीबाईंना एकही शब्द समजला नाही. "स्टॉप" तेवढा कळला.

"आल्या बघा गोऱ्या मावशी," राजीव म्हणाला. "म्हणतायत, स्टॉप. गाणं आवडलेलं दिसत नाही शैलाचं."

"वर चला, वर चला," गिरीश हसत म्हणाला. "एक चॅनेल वर."

खट्. मग नुसती खरखर. त्या छोट्या डबीत दुसरा चॅनेल नव्हता.

पद्मिनीबाई दाराशी जाऊन खाली बसल्या. धूर वर होता, खाली फटीतून थोडी हवा येत होती. तिथे त्यांनी तोंड लावलं. बाकाची कड काळी पडत चालली होती. त्या रडल्या नाहीत. त्या फक्त मनाशी म्हणत होत्या, अडा. कुठल्यातरी अक्षराला अडा. रूल मोडा. विचारा.

किती वेळ गेला, कळलं नाही. ट्रेलरला धक्का बसला, तो रस्त्याच्या कडेच्या खड्यांवर खडखडला आणि उभा राहिला. पळणारे पाय. कडी निघाली. त्या बाहेर पडल्या त्या गिरीशच्या अंगावरच.

एल्मर धावत येत ओरडला, "सगळे लांब!" त्याच्या हातात लाल नळकांडं होतं. त्यातलं पांढरं सगळं चाकावर संपलं, तरी आतून जाळ आलाच. त्याने आणि राजीवने मिळून सबर्बन कशीबशी सोडवली. मग सगळे रस्त्याच्या पलीकडे उभे राहून बघत राहिले. पडदे पेटले, खिडकीत बांधलेलं पातळ पेटत पेटत वर गेलं. पुढच्या टोकाशी गॅसचे सिलिंडर होते. एल्मरने सगळ्यांना आणखी मागे ढकललं.

"‘ठ’ आला होता," गिरीश म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. "दोन्हीकडे कुणालाच येईना. मी म्हटलं, जाऊ दे रूल, आईला विचारा. तर संध्या म्हणाली, विचारा की, तुमच्याकडेच तर आहेत."

"काकू, अहो सांगायचं ना, आत जाते म्हणून!" राजीवचा आवाज रागावल्यासारखा निघाला. "एक शब्द तरी!"

पद्मिनीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "काय सांगायचं?" त्या म्हणाल्या.

राजीवने मान खाली घातली. शैला त्यांचा पदर सारखा करत होती, तो सारखाच होता.

‘ठ’ वरून त्यांना गाणं येत होतं. त्यांनी ते सांगितलं नाही.

तिथून निघताना गिरीशने सबर्बनचं दार उघडून धरलं, संध्याने वॅगनचं. पद्मिनीबाई दोघांच्या मधून चालत गेल्या आणि एल्मरच्या पिकअपमध्ये, नोरीनच्या शेजारी बसल्या. नोरीनने त्यांचा भाजलेला तळवा आपल्या मांडीवर घेतला आणि त्यावर थंड ओला रुमाल धरून ठेवला. रेडिओ चौदावर होता.

मग गिरीशचा आवाज आला, इंग्रजीत. "एल्मर, माझी आई तुमच्याकडे आहे ना?"

एल्मरने माइक पद्मिनीबाईंकडे दिला आणि बटण दाखवलं. त्यांनी दाबलं. "आहे," त्या म्हणाल्या.

दोन डोंगर ओलांडल्यावर पुन्हा आवाज आला, या वेळी मराठीत. "आई, तिकडेच आहेस ना?"

"आहे."

ऊन कललं. मधला ट्रेलर गेल्यावर पुढच्या दोन्ही गाड्या फार हलक्या, फार लहान दिसत होत्या. तिसऱ्यांदा आवाज आला. "आई?"

पद्मिनीबाईंनी माइक हातात घेतला. बटणावर अंगठा ठेवला, आणि लगेच दाबला नाही.